बंद खोलीतल्या फुल्या

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. पालीला किंवा कुत्र्याला नाही, त्यांचं-माझं बरं चालतं. मी भिते ती साहेब लोकांच्या ‘जरा येऊन जा’ अशा फोनला. असा फोन आला की समोरचा काय म्हणतोय ते ऐकायच्या आधीच मी काय काय चुकवलंय याची यादी माझ्या डोक्यात सुरू होते. बहुतेक वेळा यादीतलं काहीच नसतं, कुणाला तरी प्रिंटर चालू करून हवा असतो. त्या वेळी मात्र यादीतलं पहिलंच निघालं.

वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनतात. त्यातला एक भाग एका बड्या गिऱ्हाइकासाठी होता आणि त्याची मापं गुपित होती. म्हणून त्याची तपासणी वेगळ्या खोलीत चालायची. खोलीत दाब तपासायचं मशीन, तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. इंटरनेट नाही, बाहेर जाणारी एकही तार नाही. मोबाइल, पेन ड्राइव्ह, हातातलं स्मार्ट घड्याळसुद्धा दारावरच्या गार्डकडे ठेवायचं आणि मगच आत जायचं. त्या मशीनचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. आमची कंपनी म्हणजे सिडकोत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचे दोन गाळे आणि सात माणसं, त्यामुळे लिहिणारी मी, दुरुस्त करणारी मी आणि बोलणी खाणारीही मीच.

सॉफ्टवेअर बिघडलं की ते का बिघडलं हे कळायला लॉग लागतो. लॉग म्हणजे मशीनने स्वतःच लिहिलेली रोजनिशी. इतक्या वाजता अमक्याने बटण दाबलं, इतका दाब आला, इथे अडकलं, असं ओळीखाली ओळ. इतर ठिकाणचा लॉग मी घरी चहा पीत उघडू शकते. इथला लॉग बाहेर येऊ शकत नव्हता आणि मी आत जाऊ शकत नव्हते, कारण बाहेरच्या माणसाला आत जायला पाच सह्या लागायच्या आणि त्या मिळेपर्यंत पंधरवडा जायचा. मग आम्ही एक पद्धत पाडली. आतल्या माणसाने इंटरकॉमवर लॉग वाचून दाखवायचा, मी दाराबाहेर गार्डच्या टेबलाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वहीत लिहून घ्यायचा. मापांच्या ओळी गाळायच्या. वहीच्या पानांना नंबर होते आणि निघताना गार्ड प्रत्येक पानावर शिक्का मारायचा. शाळेत शुद्धलेखन घालतात तसा आमचा कार्यक्रम चालायचा.

आतून वाचणारे चाचा होते. मशीनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, बारा वर्षांची नोकरी, पहिली पाळी. सगळा कारखाना त्यांना चाचाच म्हणायचा, मीही म्हणायला लागले. इंग्रजी अक्षरं ते एकेक करून, न घाई करता वाचायचे. अंडरस्कोरला ‘खालची रेघ’ म्हणायचे. मी मागे पडले की इंटरकॉममधून आवाज यायचा, “मॅडम, लिव्हलं का? का डोळा लागला?” एकदा माझ्या वहीतलं अक्षर त्यांनी काचेतून पाहिलं आणि गार्डला म्हणाले, याच्यावर शिक्का मारायची काय गरज, हे चोरलं तरी चोराला वाचता येणार नाही.

आता माझी चूक. सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी पाळी बदलताना लॉगिन अडकत होतं. का अडकतंय ते सापडेना, आणि मला आत एकच दिवस मिळालेला. म्हणून मी सॉफ्टवेअरला सांगितलं की जे जे टाइप होईल ते ते सगळं लॉगमध्ये लिही, एक अक्षर सोडू नको. तासाभरात दोष सापडला. तो मी दुरुस्त केला, चाचण्या घेतल्या, गार्ड किल्ली घेऊन दारात उभा राहिला आणि मी निघाले. नगर नाक्याच्या सिग्नलला स्कूटीवर उभी असताना आठवलं, ती ओळ काढायची राहिली. म्हणजे उद्यापासून प्रत्येक माणसाचा पासवर्ड लॉगमध्ये उघडा लिहिला जाणार. माल पास करताना प्रत्येकाला आपला नंबर आणि पासवर्ड टाकावा लागायचा. तीच त्याची सही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जाण्यासाठी अर्ज करायला हवा होता. पण अर्जात कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं म्हणजे कबूल करायचं. मी स्वतःची समजूत घातली. तार नाही, नेट नाही, मग ती अक्षरं त्या खोलीतून जाणार कुठे? जगातले सगळे चोर भिंतीच्या बाहेर. भिंतीच्या आत तीन पाळ्यांमध्ये मिळून अठरा माणसं काम करतात, ती मी हिशेबातच धरली नाहीत. बंद खोल्यांसाठी काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही खोड असते, कुलूप पाहिलं की आम्ही आतलं आवरायचं सोडून देतो.

पुढच्या आठवड्यात काही किरकोळ तक्रार आली आणि मी वही घेऊन खुर्चीत बसले. चाचा वाचत वाचत लॉगिनच्या ओळीवर आले आणि म्हणाले, “पासवर्ड. फुली, फुली, फुली, फुली, फुली.” माझं पेन थांबलं. म्हणजे मशीन पासवर्डच्या जागी फुल्या लिहीत होतं, म्हणजे मी ती ओळ काढली होती आणि उगाच घाबरले होते. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी गार्डलाही चहा पाजला. खरंच फुल्या आहेत का, असं मी चाचांना परत विचारलं नाही. उत्तर मला आवडलेलं होतं. पुढे आठ महिने ते फुल्या वाचत राहिले आणि मी त्या लिहून घेत राहिले.

मग तो ‘जरा येऊन जा’चा फोन आला. तपासणीत नापास झालेला एक लॉट कुणीतरी पास करून टाकला होता. दाब धरत नसलेले ब्रेकचे भाग ट्रकमध्ये चढले होते, आणि निघता निघता कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून ते उतरवले गेले. पास करताना नंबर चाचांचा पडला होता आणि पासवर्डही चाचांचाच, आणि वेळ पाळी बदलतानाची, म्हणजे चाचाही आत असतानाची. चाचा म्हणाले, मी केलं नाही. सुरक्षा बघणारे साहेब म्हणाले, पासवर्ड तुमचा, तो तुमच्याशिवाय कुणाला माहीत? चाचांचं ओळखपत्र काढून घेतलं, घरी बसायला सांगितलं आणि मंगळवारी चौकशी ठेवली. चौकशीत ठपका आला असता तर बारा वर्षांची नोकरी गेलीच असती, शिवाय ब्रेकच्या कामात लबाडी केली असं नाव पडलेल्या माणसाला वाळूजमध्ये दुसऱ्या कुठल्या गेटवर कुणी उभं केलं नसतं. ते पन्नाशीच्या पुढचे होते.

साहेबांनी मला त्या दिवसाचा लॉग छापून आणायला आत पाठवलं. या वेळी पाच सह्या दुपारपर्यंत झाल्या.

खोली गार होती. काचेपलीकडे गार्ड, आत मी एकटी. मी लॉग उघडला, तो दिवस काढला, ती वेळ काढली. फुल्या नव्हत्या. चाचांच्या नंबरसमोर त्यांचा पासवर्ड स्वच्छ लिहिलेला होता. वर दुसऱ्याचा, खाली तिसऱ्याचा. मागे मागे जात राहिले, आठ महिने सगळ्यांचे सगळे. चाचांचा पासवर्ड इथे सांगणार नाही. घरात एखाद्या लेकराला लाडाने हाक मारतात तसला शब्द होता. तो वाचल्यावर कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं मला झालं.

दोन गोष्टी एकदमच कळल्या. त्या खोलीत बसणाऱ्या कुणालाही हा लॉग उघडून चाचांचा पासवर्ड वाचता आला असता, तेव्हा चाचा खरं बोलत होते. आणि आठ महिने ज्या फुल्या मी लिहून घेतल्या, त्या मशीनच्या नव्हत्या. त्या चाचांच्या तोंडच्या होत्या. जे लपवायचं काम माझं होतं ते ते वाचता वाचता करत होते.

त्यानंतर मला जी भीती वाटली तशी आधी कधी वाटली नव्हती. या लॉगची दुनियेत एकच प्रत होती आणि ती माझ्यासमोर होती. बाहेर दुसरी नाही, कुठे जपून ठेवलेली नाही. मी ती पुसली असती तर माझी चूक कधी झालीच नव्हती. काचेपलीकडे गार्ड जांभया देत होता. मी फाइलवर बोट ठेवून किती वेळ बसले कुणास ठाऊक. शेवटी पुसली नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. फाइल पुसली की कुणी आणि किती वाजता पुसली हेही दुसरीकडे लिहिलं जातं. ती सोय मीच केली होती.

जे केलं ते पुसण्याइतकंच वाईट होतं, फक्त नियमात बसत होतं. खोलीबाहेर जाणाऱ्या कुठल्याही कागदावर पासवर्ड दिसता कामा नये, असा लेखी नियम होता. मी छापायच्या प्रतीत चाचांच्या पासवर्डच्या जागी फुल्या घातल्या, इतरांच्याही घातल्या, कागद छापला, गार्डने शिक्का मारला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, पासवर्ड लपलेलाच असतो ना? मी म्हणाले, “कागदावर नसतोच, सर.” वाक्य खोटं नव्हतं. मी ते तयार करून आणलं होतं. साहेबांचं समाधान झालं, आणि चाचांविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा माझ्या हातचा झाला.

रविवारी आईला ब्लाउजसाठी अस्तर घ्यायचं होतं म्हणून आम्ही पडेगावहून गुलमंडीला गेलो. दुकानात शिरलो तर गादीवर चाचा बसलेले. दुकान त्यांच्या भावाचं, घरी बसून काय करायचं म्हणून ते घड्या घालायला येऊन बसले होते. पळून जावंसं वाटलं, पण आई तोवर रंग बघायला लागली होती. चाचांनी आईला सलाम केला, चहा सांगितला. बोलता बोलता त्यांचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा, जिथे ओळखपत्र अडकवायची सवय होती, आणि तिथे काही नाही म्हटल्यावर परत कापडाकडे यायचा.

“कागद काढला म्हनं तुमी,” ते म्हणाले.

मी हो म्हणाले.

“काय दिसलं त्याच्यात?”

“तुमचा नंबर. वेळ. आणि फुल्या,” मी म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही; त्यांनी फक्त जरा जास्त वेळ पाहिलं. मी आत जाऊन काय पाहिलं ते त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. मग त्यांनी खाली बघून कापडाची घडी घातली आणि म्हणाले, “हां. फुल्याच.” आईने मोरपंखी रंग निवडला. रस्त्यात आई म्हणाली, किती अदबीचा माणूस आहे, आणि तू तोंड वाकडं करून बसलीस, चहालाही हात लावला नाहीस. मला भीती वाटत होती की चाचा चौकशीत सांगतील, मॅडमला सगळं माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर ते तसं सांगणार नाहीत याची भीती त्याहून जास्त वाटत होती, कारण मग सांगायला मीच उरणार होते.

सोमवारी मी तीनदा ठरवलं की सांगायचं आणि तीनदा ठरवलं की नाही सांगायचं. ऑफिसात माझ्या साहेबांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा दुसरंच काही विचारून परत आले.

मंगळवारी चौकशीला सुरक्षेचे साहेब, कारखान्याचे मॅनेजर, आमच्या कंपनीचे साहेब आणि मी असे चौघं बसलेले. चाचा उभे होते. माझा कागद टेबलावर होता. सुरक्षेच्या साहेबांनी तीनदा विचारलं की पासवर्ड आणखी कुणाला सांगितला होता का, आणि चाचांनी तीनदा सांगितलं, “कुनाला नाय.” मग साहेब म्हणाले की असं असेल तर हे तुम्हीच केलं असं धरावं लागेल, जबाब वाचून सही करा. चाचांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि पेन घेतलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी आजवर ज्याला भ्याले असेन त्या सगळ्यांपेक्षा त्या पेनाची मला जास्त भीती वाटली.

“सर, थांबा. तो कागद मी अर्धाच आणलाय,” मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. ती ओळ, नगर नाका, न केलेला अर्ज, कागदावर मी घातलेल्या फुल्या. मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. आमचे साहेब पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होते. सगळे उठून त्या खोलीत गेले आणि मी लॉग उघडला. त्यात सुरक्षेच्या साहेबांचा स्वतःचा पासवर्डही होता, कधीतरी पाहणीला येऊन त्यांनी लॉगिन केलेलं. त्यांनी पटकन स्क्रीनवर हात ठेवला. एरवी मला हसू आलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच दिवशी सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि सुरक्षेचे साहेब माझ्या मागे उभे राहून बघत असताना मी ती ओळ काढली. चाचांना ओळखपत्र परत मिळालं. लॉट पास केला होता दुसऱ्या पाळीच्या एका सुपरवायझरने. दारात ट्रक उभा, वरून तगादा, म्हणून त्याने लॉग उघडून हाताला लागला तो पासवर्ड वापरला होता. त्याने कबूल केलं आणि त्याची दुसरीकडे बदली झाली. आमच्या कंपनीकडचं ते काम गेलं. माझी नोकरी राहिली, पण बरेच महिने ऑफिसात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पण त्या खोलीत, साहेबांनी स्क्रीनवरचा हात काढल्यावर, एक बोलणं झालं ते सांगायचं राहिलं. साहेब चाचांकडे वळले आणि म्हणाले, आठ महिने तुम्ही हे वाचत होता. तुम्हाला दिसत होतं. मग एकाला तरी सांगायचं होतं.

चाचा म्हणाले, “इंटरकॉमशेजारी मानसं बसत्यात साहेब, म्हनून मोठ्यानं नाय वाचलं. आन् सांगायचं म्हनाल, तर सांगितलं असतं तर तुमी पहिलं काय इचारलं असतं? चाचा, तू लोकांचे पासवर्ड वाचलेच कशापायी. मंग पुढं काय बी होऊ द्या, नाव माझंच. म्हनून खामोश ऱ्हायलो. तरी बी नाव माझंच झालं.”

साहेब परत स्क्रीनकडे वळले. मला वाटलं, आता तरी त्यांनी म्हणावं की नाही चाचा, आम्ही असं विचारलं नसतं. मग मी स्वतःपुरता विचार करून पाहिला. पहिल्याच आठवड्यात इंटरकॉमवरून चाचा मला म्हणाले असते, मॅडम, इथं सगळ्यांचे पासवर्ड उघडे दिसतात, तर मी काय केलं असतं? मी भ्याले असते, आणि भ्यालेली मी माझ्या ओळीबद्दल एक शब्द न काढता त्यांना पहिल्यांदा हेच विचारलं असतं, की तुम्ही ते वाचलंत कशाला.